जळकी तार, अडलेले निरोप

(वेळा टायटॅनिकच्या घड्याळाप्रमाणे, मुख्यतः ब्रिटिश चौकशी अहवालातल्या आहेत. त्या रात्री प्रत्येक जहाजाचं घड्याळ वेगळं होतं, त्यामुळे काही नोंदींत थोड्या मिनिटांचा फरक पडतो.)

आदली रात्र

टायटॅनिकचं बिनतारी यंत्र बंद पडलं. जहाज अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे धावत होतं आणि बोट डेकवरच्या एका खोलीत दोन तरुण यंत्र उघडून बसले होते. थोरला जॅक फिलिप्स. 11 एप्रिलला, प्रवासातच, त्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती. धाकटा हॅरॉल्ड ब्राइड, वय 22. दोघंही मार्कोनी कंपनीचे नोकर.

यंत्राची रचना समजून घेतली तर पुढचं सगळं कळतं. जहाजाच्या डायनॅमोवरून 100 व्होल्टची वीज येई. त्यावर एक मोटर-जनरेटर फिरे, त्याच्यापुढे ट्रान्सफॉर्मर दाब दहा हजार व्होल्टपर्यंत चढवी, कंडेन्सर भरत आणि फिरत्या चकतीवर कडाडून ठिणगी पडे. आवाज इतका की पाठवायच्या यंत्राला खोलीच्या कोपऱ्यात वेगळी, आवाज अडवणारी कोठडी दिली होती. ठिणगीतून उठलेली लहर वर एरियलमध्ये जाई. दोन डोलकाठ्यांच्या शेंड्यांमध्ये, पाण्यापासून दोनशे फुटांवर, दोन समांतर तारा ताणलेल्या होत्या. त्यांतून खाली आलेल्या तारा थेट या खोलीत उतरत. सर्किटचं दुसरं टोक जहाजाच्या पोलादी सांगाड्याला जोडलेलं आणि सांगाडा समुद्रात बुडालेला. म्हणजे खारं पाणी हे एरियलचंच दुसरं अंग. आज एखादा माणूस आपल्या फायबरच्या बोटीवर लांब पल्ल्याचा रेडिओ बसवतो तेव्हा तांब्याची रुंद पट्टी खाली नेऊन समुद्राशी नातं जोडण्यासाठी त्याला किती खटपट करावी लागते! पोलादी जहाजाला ते आयतं मिळतं.

पण हेच अर्थिंग नको तिथे झालं की घात होतो. फिलिप्सला आधी वाटलं, कंडेन्सर फुटले असतील. ते सगळे बाहेर काढून तपासले, तर धड निघाले. मग ट्रान्सफॉर्मरची पेटी उघडली. दुय्यम गुंडाळीतून निघालेल्या तारांचं आवरण आतल्या आत जळलं होतं आणि त्या उघड्या तारा, लाकडी चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी बोल्टांना टेकल्या होत्या. एरियलकडे जायची वीज वाटेतच लोखंडात जिरत होती. दोघांनी त्या तारांवर रबरी टेप गुंडाळली आणि यंत्र पुन्हा बोलू लागलं. या कामाला जवळजवळ सहा तास लागल्याचं ब्राइडने नंतर कंपनीला लिहिलेल्या पत्रात नोंदवलं आहे. फिलिप्स फार दमलेला दिसत होता, म्हणून दुसऱ्या रात्री नेहमीच्या दोनऐवजी बारालाच पाळी घेईन, असं ब्राइडने त्याला कबूल केलं.

टायटॅनिकबद्दल लिहिताना हे सहा तास बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. मला ते त्या रात्रीच्या मुळाशी दिसतात. दुरुस्ती झाली नसती तर जवळ उरला असता तो बॅटरी आणि कॉइलचा आणीबाणीचा संच, मोठ्या यंत्रापेक्षा फार तोकडा. दुरुस्ती झाली, पण तेवढा वेळ प्रवाशांच्या तारा तुंबल्या आणि माणूस थकला. पुढच्या चोवीस तासांत या दोन्ही गोष्टींचा हिशेब झाला.

रविवार, 14 एप्रिल 1912, सकाळी 9:00

कॅरोनिया जहाजाचा निरोप: पश्चिमेला जाणाऱ्या बोटींना 42 उत्तर अक्षांशावर, 49 ते 51 पश्चिम रेखांशांदरम्यान हिमनग आणि बर्फाचे सडे दिसले आहेत. निरोप टायटॅनिकचे कप्तान स्मिथ यांच्या हाती पोहोचला, त्यांनी पोच दिली. व्यवस्था चालली तर अशी चालते.

दुपारी 1:42

बाल्टिककडून हिमनगांचा आणखी एक इशारा. कप्तान स्मिथ यांनी हा कागद जहाज कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे यांना दिला आणि इस्मे यांनी तो खिशात घातला. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास कप्तानांनी तो परत मागून घेतला.

दुपारी 1:45

जर्मन जहाज अमेरिकाने दोन मोठे हिमनग पाहिले होते आणि ती खबर तिला वॉशिंग्टनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाला कळवायची होती. टायटॅनिकने ती ऐकली आणि पुढे पाठवण्यासाठी घेतली. 41 अंश 27 मिनिटं उत्तर, 50 अंश 8 मिनिटं पश्चिम. म्हणजे टायटॅनिकच्या स्वतःच्या वाटेशेजारी. खबर पुढे गेली. टायटॅनिकच्या ब्रिजवर मात्र ती पोहोचली नाही.

असं का होई, ते खोलीच्या मांडणीतच दिसतं. आयर्लंडमध्ये उतरून गेलेल्या फादर फ्रान्सिस ब्राउन यांनी या खोलीचा एक फोटो काढला होता. टायटॅनिकच्या बिनतारी खोलीचा म्हणून तेवढाच ओळखला जातो, आणि तोही एकावर एक दोनदा टिपला गेलेला. त्यात ब्राइड मेजाशी बसला आहे. हवेच्या दाबाची एक नळी चौकशी खिडकीपासून थेट या खोलीपर्यंत येत असे. प्रवाशाने खिडकीशी पैसे भरले, पहिल्या दहा शब्दांना 12 शिलिंग 6 पेन्स आणि पुढच्या दर शब्दाला 9 पेन्स, की कागद नळीतून सरळ ऑपरेटरपुढे येऊन पडे. बर्फाची खबर मात्र ऑपरेटरने हातात घेऊन ब्रिजवर न्यायची. खोलीत एकच माणूस जागा असेल आणि त्याच्या कानाला हेडफोन असतील, तर न्यायची कोणी? कप्तानाच्या नावे, ठरावीक खुणेने आलेला निरोप ताबडतोब पोहोचवण्याचा दंडक होता; बाकीच्यांना वेळ सापडेल तशी वाट.

संध्याकाळी 5:50

ठरलेल्या वळणावर जहाजाने दिशा बदलली. वेग 22 नॉटच्या आसपास.

संध्याकाळी 7:30

कॅलिफोर्नियन नावाचं मालवाहू जहाज अँटिलियन या दुसऱ्या जहाजाला सांगत होतं की, आपल्या दक्षिणेला पाच मैलांवर तीन मोठे हिमनग आहेत. ब्राइड हिशेब लिहीत होता. कॅलिफोर्नियनची आधीची हाक त्याने कामाच्या गडबडीत सोडून दिली होती. या वेळी त्याने निरोप उतरवून घेतला आणि स्वतः ब्रिजवर नेऊन एका अधिकाऱ्याच्या हाती दिला. कप्तान तेव्हा खाली जेवणाच्या मेजवानीला गेले होते.

रात्री फिलिप्स पाळीवर बसला आणि ब्राइड झोपायला गेला.

रात्री 9:40

मेसाबा जहाजाचा निरोप. 42 ते 41 अंश 25 मिनिटं उत्तर, 49 ते 50 अंश 30 मिनिटं पश्चिम या पट्ट्यात बर्फाचे जाड थर, मोठ्या हिमनगांची गर्दी आणि पसरलेला बर्फ. नकाशावर हा चौकोन काढला तर टायटॅनिकची वाट थेट त्यातूनच जात होती.

फिलिप्सने निरोप मिळाल्याची पोच दिली आणि पुन्हा केप रेसला लागला. न्यूफाउंडलंडच्या टोकावरचं हे किनारी केंद्र त्या संध्याकाळी टप्प्यात आलं होतं आणि न गेलेल्या तारांचा गठ्ठा समोर पडला होता. मेसाबाच्या निरोपावर कप्तानासाठीची खूण नव्हती. मेसाबाचा ऑपरेटर काही वेळ थांबला. हा निरोप ब्रिजवर गेला आणि कप्तानाकडून उत्तर आलं, असं काहीतरी कानी पडेल म्हणून. काहीच आलं नाही. वाचलेल्या अधिकाऱ्यांतले सर्वांत वरिष्ठ, लाइटोलर, अखेरपर्यंत सांगत राहिले की हा कागद ब्रिजवर आला असता तर जहाज तसंच धावत राहिलं नसतं.

फिलिप्सला दोष देणं फार सोपं आहे. आदल्या रात्रीचे सहा तास त्याने ट्रान्सफॉर्मर उघडण्यात घालवले होते. दिवसभर बर्फाचे इशारे येतच होते, त्यातला हा आणखी एक. शिवाय अक्षांश-रेखांश ऐकून जहाजाची वाट त्याच चौकटीतून जाते हे ओळखणं हे त्याचं काम नव्हतंच. ते ज्यांचं होतं, ते काही पावलांवर ब्रिजवर उभे होते. या दोन खोल्यांमधलं अंतर ओलांडायची पक्की सोय कोणी केली नव्हती. दोनशे फुटांवरची तार चोख, समुद्रातलं अर्थिंग चोख, शेकडो मैलांवरचा आवाज ऐकू येतो, आणि शेवटचे काही यार्ड एका दमलेल्या माणसाच्या सवडीवर!

रात्री 11:00 च्या सुमारास

कॅलिफोर्नियन बर्फात अडकून थांबली होती. तिचा एकुलता एक ऑपरेटर सिरिल इव्हान्स याने कप्तानाच्या सांगण्यावरून टायटॅनिकला कळवलं: आम्ही थांबलोय, चारही बाजूंनी बर्फ आहे.

कॅलिफोर्नियन इतकी जवळ होती की तिच्या ठिणगीचा आवाज फिलिप्सच्या कानात स्फोटासारखा शिरला. तो केप रेसचा क्षीण आवाज जिवाच्या आकांताने टिपत होता, तो पार बुडाला. त्याने फटकारलं: गप्प बस, मी कामात आहे, केप रेसशी बोलतोय. इव्हान्सने मनाला लावून घेतलं नाही. ऑपरेटरांमध्ये ही भाषा रोजची होती, आणि त्याच्या निरोपावरही कप्तानासाठीची खूण नव्हती. किती जवळ, कोणत्या जागी, हे सांगण्याआधीच बोलणं तुटलं.

इव्हान्स सकाळी सातपासून यंत्राशी होता. साडेअकराच्या सुमारास त्याने हेडफोन काढून ठेवले आणि तो झोपला. दुसरा ऑपरेटर नव्हता. तो असायलाच हवा, असं कायदाही सांगत नव्हता.

रात्री 11:40

टेहळ्या फ्रेडरिक फ्लीटला समोर हिमनग दिसला. जहाज वळलं, उजवी कूस पाण्याखाली घासत गेली.

बिनतारी खोलीत फारसं कळलंही नाही. बारा वाजायच्या आधी ब्राइड आपणहून उठला. कबूल केल्याप्रमाणे पाळी घ्यायला. धक्क्याने त्याची झोपही मोडली नव्हती. अंगावर झोपेचे कपडे, तसाच तो फिलिप्सजवळ आला. फिलिप्सने केप रेसचा गठ्ठा नुकताच संपवला होता. तो म्हणाला की जहाजाला काहीतरी लागलंय, बहुधा बेलफास्टला दुरुस्तीला परत न्यावं लागेल.

रात्री 12:15

कप्तान स्मिथ खोलीत आले आणि मदतीची हाक द्यायला सांगून गेले. फिलिप्सने कळ दाबली: सीक्यूडी, सीक्यूडी, एमजीवाय. शेवटचं टायटॅनिकचं खुणेचं नाव. ला प्रोव्हान्स आणि माउंट टेंपल ही जहाजं आणि केप रेस यांनी ही हाक ऐकली. आदल्या रात्री रबरी टेप गुंडाळलेल्या तारांमधून दहा हजार व्होल्ट पुन्हा वाहत होते.

हाक मारायचं साधन असणं ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने क्षणभर थांबून लक्षात घ्यावी. यानंतर 35 वर्षांनी, 17 जुलै 1947 ला, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बंदराच्या तोंडाशीच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई शहर समोर दिसत असताना शहराला बातमी कळली ती काही तासांनी, पोहून जिवंत आलेल्या माणसांच्या तोंडून.

त्याच वेळी, कॅलिफोर्नियनवर

तिसरा अधिकारी ग्रोव्ह्ज पाळी संपवून इव्हान्सच्या खोलीत डोकावला. त्याला या यंत्राची हौस होती, थोडं शिकलाही होता. कोणकोणती जहाजं ऐकू येतायत, त्याने विचारलं. फक्त टायटॅनिक, इव्हान्स अर्धवट झोपेत म्हणाला. ग्रोव्ह्जने हेडफोन कानाला लावले. काहीच नाही.

त्या काळचा मार्कोनीचा चुंबकी ग्राहक घड्याळासारख्या किल्लीवर चाले. लोखंडी तारेचा एक पट्टा दोन चाकांवरून चुंबकांपुढून सरकत राही, आणि तो सरकत असेल तरच कानात आवाज येई. किल्ली उतरली होती. ती द्यावी लागते हे ग्रोव्ह्जला ठाऊक नव्हतं. वर एरियल होतं, खाली समुद्राचं अर्थिंग होतं, तारेत त्या क्षणी टायटॅनिकची हाक थरथरत होती. त्याने हेडफोन काढून ठेवले, दिवा मालवला आणि निघून गेला.

मला या सगळ्या घटनाक्रमात हा क्षण सर्वांत जास्त जाचतो. मेसाबाच्या वेळी थकवा होता, कामाचा डोंगर होता. इथे तर एक जागा, उत्सुक माणूस हेडफोन लावून बसला होता.

रात्री 12:25

कार्पेथिया जहाजाचा ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता. कोट काढलेला. हेडफोन अजून डोक्यावर होते, कारण पॅरिसियन जहाजाकडून एक उत्तर यायचं होतं. तो आधी केप कॉडचं केंद्र ऐकत होता आणि तिथे टायटॅनिकसाठी तारांचा गठ्ठा साठलाय हे त्याच्या कानी आलं होतं. तर जाता जाता कळवावं, म्हणून त्याने टायटॅनिकला हाक दिली.

उत्तर आलं: ताबडतोब या, आम्ही हिमनगाला धडकलोय. आणि जागा, अधिकारी बॉक्सहॉलने नव्याने काढलेली: 41 अंश 46 मिनिटं उत्तर, 50 अंश 14 मिनिटं पश्चिम.

ज्या प्रवासी तारांनी दीड तासापूर्वी इव्हान्सचं तोंड बंद केलं, त्यांच्यापायीच कॉटमने टायटॅनिकला हाक मारली. तो पळत ब्रिजवर गेला, कप्तान रॉस्ट्रन यांना उठवलं. कार्पेथिया 58 सागरी मैलांवर होती. रॉस्ट्रन यांनी आधी जहाज वळवलं, मग कॉटमला पुन्हा विचारलं की खात्री आहे ना.

12:30 ते 1:00

बाष्पकांच्या वाफेला चिमणीवरून वाट करून दिली होती. तिचा कानठळ्या बसवणारा आवाज नेमका बिनतारी खोलीच्या डोक्यावर, त्यामुळे फिलिप्सला येणारी उत्तरं लागेनात. ब्राइडने जाऊन कप्तानांना सांगितलं आणि त्यांनी कसं तरी करून तो आवाज थांबवला. मदतीच्या हाकेची उत्तरं ऐकण्यात अडथळा येतोय, हे सांगायला माणूस धावत गेला आणि ब्रिजने लगेच ऐकलं. दुपारपासून जे हवं होतं ते हेच.

ब्राइडच्या सुचवण्यावरून फिलिप्सने एसओएसही पाठवायला सुरुवात केली. 1906 च्या बर्लिन परिषदेने ही खूण ठरवली होती, पण ब्रिटिश ऑपरेटरांच्या बोटांत अजून सीक्यूडीच होतं. आता दोन्ही आळीपाळीने जाऊ लागले.

फ्रँकफुर्ट, बाल्टिक, बर्मा, व्हर्जिनियन, आणि जुळं भावंड ऑलिंपिक, पाचशे मैलांवर. सगळ्यांनी ऐकलं. दहाएक मैलांच्या टापूतली कॅलिफोर्नियन सोडून सगळ्यांनी. तिच्या डेकवरून टायटॅनिकने उडवलेले पांढरे अग्निबाण दिसत होते. इव्हान्सला कोणी उठवलं नाही.

1:25

ऑलिंपिकने विचारलं, तुम्ही दक्षिणेला आमच्या दिशेने येताय का? फिलिप्सचं उत्तर: आम्ही बायकांना होड्यांत उतरवतोय.

1:45

कार्पेथियाने ऐकलेला शेवटचा निरोप: इंजिनघर बाष्पकांपर्यंत भरलं. आता यंत्राला जी वीज मिळत होती ती तळातल्या इंजिनिअरांच्या जिवावर. त्यांतला एकही वाचला नाही.

2:00

व्हर्जिनियनला टायटॅनिकचा आवाज अगदी क्षीण येऊ लागला. वीज उतरली होती.

2:05 च्या सुमारास

कप्तान स्मिथ खोलीच्या दाराशी आले. तुमचं काम झालंय, आता स्वतःचा जीव वाचवा, असं सांगून गेले. फिलिप्स कळ सोडेना. मघाशीच, तो पाठवत असतानाच, ब्राइडने मागून त्याला लाइफबेल्ट बांधला होता.

2:10

व्हर्जिनियनच्या ऑपरेटरने दोनदा व्ही हे अक्षर ऐकलं, अतिशय मंद, पण ठिणगीचा सूर टायटॅनिकचाच. व्ही हे अक्षर ऑपरेटर यंत्र जुळवताना पाठवतात. वीज घसरत चालली होती आणि फिलिप्स त्यातूनही ठिणगी जुळवायला बघत होता, असाच याचा अर्थ लागतो. पाणी बोट डेकवर चढत होतं.

2:17

व्हर्जिनियनला शेवटचं काही ऐकू आलं. सीक्यू, पुढचं अस्पष्ट, आणि आवाज एकदम तुटला, कोणी बटण बंद करावं तसा.

2:20

टायटॅनिक बुडालं. सुमारे 1,500 माणसं गेली. ब्राइड एका उलट्या पडलेल्या होडीच्या पाठीवर तगला. फिलिप्स गेला.

पहाटे 4:10

कार्पेथियाने पहिली होडी वर घेतली. सातशेच्या वर माणसं तिने वाचवली.

पहाटे 5:30 च्या सुमारास

कॅलिफोर्नियनचे मुख्य अधिकारी स्ट्यूअर्ट यांनी इव्हान्सला उठवलं: रात्री एका जहाजाने बाण सोडले म्हणतात, बघ जरा काय झालंय ते. इव्हान्स यंत्राशी बसला आणि काही मिनिटांत त्याला सगळं कळलं.

त्यानंतर

पाय हिमदंशाने आणि माराने निकामी झालेला ब्राइड कार्पेथियावर कॉटमच्या मदतीला बसला आणि वाचलेल्यांची नावं किनाऱ्याला पाठवत राहिला. 18 एप्रिलच्या रात्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावर स्वतः मार्कोनी जहाजावर चढले, तेव्हाही तो कळेवरच होता.

23 जुलै 1912 ला अमेरिकेने जहाजांवरच्या बिनतारी यंत्रांचा कायदा बदलला. कुशल ऑपरेटर किमान दोन आणि कान अखंड उघडे. आणीबाणीच्या यंत्राला जहाजाच्या मुख्य विजेशी संबंध नसलेली वेगळी वीज, दिवसा-रात्री किमान शंभर मैल, किमान चार तास पुरेल अशी. आणि मेसाबाच्या कागदाला मिळाली नव्हती ती गोष्टही त्यात कलमात लिहिली गेली: बिनतारी खोली आणि ब्रिज यांच्यामध्ये निरोपांची चोख सोय, सदासर्वकाळ.